एका डोळ्यावर अडलेल्या बैलगाड्या

नेत्रशिबिरात काम केलेली दोन माणसं भेटली, की चहा यायच्या आत तिसरा किस्सा सुरू झालेला असतो. आमच्याकडे साठाच तेवढा. कारण सोपं आहे. शिबिरात अर्ध्या लोकांना दिसत नसतं, आणि उरलेल्या अर्ध्यांना आपल्याला फार दिसतं असं वाटत असतं. मी दुसऱ्या गटातला.

मूळचा मी बुलढाण्याचा शाळामास्तर. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टर केळकरांनी मला देऊळघाटच्या शिबिरात रजिस्टर लिहायला नेलं आणि मी त्या कामाला कायमचा चिकटलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेव्हा रोग्याला आठ-आठ दिवस उताणं पडून राहावं लागे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. आमचे डॉक्टर डोळ्याला रेशमाच्या बारीक धाग्याचा टाका घालून बघणार होते, की पाचव्याच दिवशी रोग्याला उठवता येतं का. एकेका डोळ्याची नोंद वहीत करायची होती. वही नवीकोरी होती आणि देऊळघाटात ती भरायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

* * *

रजिस्टरशिवाय माझं दुसरं काम बोटं दाखवायचं. अक्षरांचा तक्ता खेड्यात काय कामाचा? मी दहा हात अंतरावर उभा राहून बोटं वर करायचो आणि रोग्यानं आकडा सांगायचा.

पहिल्या दिवशी किसनराव नावाचे एक आजोबा आले. त्यांना ऑपरेशन नको होतं, म्हणून त्यांना आपल्याला दिसतं हे सिद्ध करायचं होतं. मागं त्यांची बायको उभी. मी तीन बोटं दाखवली. “तीन.” पाच दाखवली. “पाच.” मी चाट! डोळ्यात तर पांढरा स्वच्छ मोतीबिंदू दिसत होता. मग लक्षात आलं, की दर वेळी उत्तराच्या आधी बाई खोकतात आणि मोजून खोकतात.

मी नुसती मूठ दाखवली. बाई गप्प. आजोबा वाट बघून बघून कातावले आणि मागं वळून म्हणाले, “अवं खोकल ना! झोपली काय?”

* * *

त्या दिवशी शाळेच्या अंगणात बैलगाड्यांची ही गर्दी, पण रजिस्टरमध्ये एक नाव नाही. लोक येत, डोळे तपासून घेत आणि गाडीखाली जाऊन बसत. मी विचारलं, तेव्हा कळलं की आदल्या वर्षी एक सुईवाला वैदू गावात येऊन गेला होता. त्यानं तुळसाबाई नावाच्या म्हातारीच्या डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू खाली ढकलला आणि महिन्याभरात तो डोळा पार गेला. आता तिचा एकच डोळा उरला होता आणि त्यातही मोतीबिंदू.

दुपारी सगळ्यांना बाजूला सारत एक म्हातारी काठीनं वाट चाचपत टेबलापाशी आली. “लिव्हा मास्तर. तुळसाबाई.”

डॉक्टर घाबरले. तिला म्हणाले, “आजी, तुमचा हा एकच डोळा आहे. काही कमीजास्त झालं, तर उजेडसुद्धा दिसायचा नाही.”

“आता तरी कुठं दिसून राह्यलं मले? ठेवून काय करू, लोनचं घालू?”

अंगणातल्या एका गाडीवाल्यानं मग सगळ्यांच्या वतीनं निकाल सांगितला, “म्हातारीले दिसलं त आमी समदे टेबलावर झोपतो. नाही त पाचव्या दिवशी गाड्या जुपतो.” झालं. डॉक्टरांचा टाका, कोरी वही आणि अंगणातले सगळे डोळे, असं सगळं त्या एका डोळ्यावर येऊन बसलं.

* * *

चौथीच्या वर्गात दोन टेबलं जोडून ऑपरेशन झालं. डोळ्याजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं. बाई पूर्ण जाग्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, की काही झालं तरी हलायचं नाही आणि बोलायचं नाही. ऐन टाका घालायच्या वेळी, सगळे श्वास रोखून उभे असताना, तुळसाबाई शांतपणे म्हणाल्या, “पोरा, जेवला नाही काय? पोट वाजून राह्यलं तुहं.”

डॉक्टरांच्या मदतीला असलेल्या नर्स, सिस्टर मार्था, तोंडावरचा मास्क दातांत धरून भिंतीकडे वळल्या. मी वर्गाबाहेर पळालो. डॉक्टरांचा हात तेवढा हलला नाही. त्या हाताला मी तिथंच मनातून नमस्कार केला.

* * *

पुढचे पाच दिवस आम्ही सात जण आणि रोगी एक! एवढी बडदास्त जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची झाली नसेल.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बाईंना खोकला नको आणि शिंक तर मुळीच नको. शिंक आली की टाका तुटायचा. हे अंगणातल्या मंडळींनी ऐकलं आणि परस्पर फर्मान काढलं. म्हातारीची पट्टी सुटेपर्यंत शाळेच्या आळीत कुणी मिरचीची फोडणी द्यायची नाही. आळीनं खरंच ऐकलं. घरोघरी नुसतं हळद-मिठाचं वरण शिजू लागलं.

तिसऱ्या दिवशी एका घरी जावई आला. जावयाला असलं फिकं वरण कसं वाढायचं? सासूबाईंनी दार लावून हळूच तेल तापवलं आणि मिरच्या घालून भाजी फोडणीला टाकली. पण वास दाराला ऐकतो होय? दोन मिनिटांत चार गाडीवाले आत शिरले आणि चुलीवरची कढई उचलून थेट नदीच्या दिशेनं निघाले. जावई उघड्या डोक्यानं मागं पळत सुटला. त्यानं विचारलं, “अरे, काऊन बे नेता?”

पुढचा गाडीवाला न थांबता म्हणाला, “पावन्या, तुले आज मिरची नाही भेटली त उद्या भेटीन. तिले डोळा कुठून भेटीन?”

जावयानं काय करावं? तोही त्यांच्याबरोबर गेला आणि तिथंच नदीकाठी तीन दगडांच्या चुलीवर भाजी शिजवून खाऊन आला.

* * *

माझी बडबड ऐकून रोगी हसेल, म्हणून सिस्टर मार्थांनी वर्गाच्या दारावर कागद चिकटवला: ‘मास्तरांना आत येण्यास सक्त मनाई.’ रोगी एक, मनाईही एकालाच. मी दोन दिवस खिडकीखाली बसून काढले.

चौथ्या दिवशी आतून आवाज आला, “सिस्टर, तो मास्तर येत नाही काऊन? मेला काय?”

सिस्टर म्हणाल्या, “तो हसवतो, आजी. तुम्हाला हसायचं नाहीये.”

“हसू दे व. मी पोटातच हसते, वर डोक्यालोक येऊ देत नाही.”

सिस्टरांनी कागद काढला. मी आत गेलो आणि किसनरावांचा खोकल्याचा किस्सा सांगितला. मान तसूभर हलली नाही, पण पोटावरची गोधडी मात्र बराच वेळ हलत होती.

* * *

पाचवा दिवस. सकाळपासूनच गाडीवाल्यांनी बैल सोडून जुवाजवळ आणून ठेवले होते. जुंपायला दोन मिनिटं लागली असती. खिडक्यांत डोकी, दारात डोकी. डॉक्टर केळकर रात्रभर झोपले नव्हते, हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं.

सिस्टरांनी पट्टी सोडली. आम्ही जाड भिंगाचा चष्मा तुळसाबाईंच्या नाकावर चढवला. त्यांना खाटेवर टेकवून बसवलं आणि मी समोर उभा राहून तीन बोटं वर केली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

बाई बघत राहिल्या.

“तीन,” त्या म्हणाल्या. “अन् मधल्या बोटाले शाई लागेल हाय. मास्तर असून हात धूत नाही काय?”

अंगणात जो गलका उठला, तो मी जन्मात विसरणार नाही. पहिला माणूस माझ्या टेबलाकडे धावला, ते किसनराव. बायकोच्या हाताला धरून. मागोमाग सगळ्या गाड्या रिकाम्या झाल्या. बैलांना लोकांनी परत वैरण टाकली. मला रडू येत होतं, आणि ते मी लपवलं नाही.

डॉक्टर मात्र खिडकीपाशी तसेच उभे होते. त्यांचा स्वतःचा चष्मा सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड. डोळे भरून आले होते, म्हणून त्यांनी तो काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला.

तुळसाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि दोन बोटं वर केली.

“डॉक्टर, हे किती?”

डॉक्टरांनी डोळे बारीक केले. मान पुढं काढली. खूप प्रयत्न केला.

“चार?”

तुळसाबाई माझ्याकडे वळल्या. “मास्तर, याचंबी नाव लिव्हून घ्या. अन् याले सांगा, भेऊ नको, काई दुखत नाही.”