मुकी काकी

आमच्या बेटावरच्या ग्रां बुआ गावात नव्याने आलेली माणसं तिला ‘मुकी काकी’ म्हणत. ऐकून हसावं की रडावं, तेच आम्हाला कळत नसे. अहो, उसाच्या शेतात तिच्याइतकी बोलकी बाई दुसरी नव्हती. मुकादमाची नक्कल करावी तर काकीनेच. पण सदा, तिचा एकुलता एक मुलगा, शाळेतून घरी आला की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं.

त्याचं असं झालं. सदा पहिलीत असताना मास्तरांनी काकीला बोलावून घेतलं. काका आधीच वारले होते, म्हणून ती एकटीच गेली. ‘घरी मराठी बोलता, म्हणून पोर मागे पडतं. बंद करा,’ मास्तरांनी बजावलं. झालं, त्या दिवसापासून काकी सदाशी मराठीत बोलली नाही. शाळेत शिकवायचे इंग्रजी नि फ्रेंच, आणि ही घरात बोलणार क्रियोल, म्हणजे इथली बाजारातली बोली, तीही मोडकी! पण तेव्हा मास्तरांपुढे तोंड उघडायची आमच्यात कुणाची छाती होती?

‘व्हिनी’ म्हणजे ये, ‘मांझे’ म्हणजे जेव, ‘दोर्मी’ म्हणजे झोप. अशा चार शब्दांवर तिने लेकराला वाढवलं. तो धडपडला की धावत जायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची, मग नुसतीच पाठ चोळत बसायची. तो अभ्यासाला बसला की शेजारी बसून पदराने डास हाकलायची. शेतात मात्र त्याला कधी पाऊल टाकू दिलं नाही.

माझी आई तिला रागवायची. ‘अगं, पोराशी दोन शब्द बोललीस तर काय बिघडणार आहे?’

‘वैनी, माझी भाषा ऊस तोडायची,’ काकी म्हणायची. ‘त्याच्या डोक्यात मीच शिरून बसले, तर मास्तरांचं कुठं मावायचं?’

गणपतीतसुद्धा तेच. सदा शेजारी उभा असला की आरतीला ती नुसत्या टाळ्या वाजवायची. ओठ घट्ट मिटलेले.

सदा शिकला. पोर्ट लुईत कचेरीत लागला, तिकडेच राहिला. रविवारी यायचा, बिस्किटं आणायचा, खुर्चीत बसायचा. ती त्याच्याकडे बघायची, तो अंगणाकडे. वाईट नव्हता हो पोरगा. बोलायचं काय, हेच दोघांना ठाऊक नव्हतं. त्या मास्तरांचा मला अजून संताप येतो.

मग काकीने अंथरूण धरलं. ताप डोक्यात गेला, होती नव्हती ती क्रियोल पुसली गेली, आणि काकी मराठीत बोलत सुटली. सदा पायांशी बसून होता. लहानपणीची मराठी तो केव्हाच विसरला होता; त्याला एक अक्षर कळत नव्हतं. ती त्याला ओळखतही नव्हती.

‘हे साहेब कोण गं?’ तिने मला विचारलं. ‘कधीचे बसलेत. भले दिसतात. त्यांना म्हणावं, घरी जा आता. त्यांची आई वाट बघत असेल.’

सदाने माझ्याकडे पाहिलं. ‘काय म्हणते?’ क्रियोलमध्ये त्याने विचारलं.

‘घरी जा म्हणते,’ मी सांगितलं. पुढचं माझ्याच्याने सांगवेना.

त्याचा चेहरा उजळला. आपल्याला आई काही तरी सांगते आहे, एवढंच त्याला पुरलं. तो तिच्या पाया पडला आणि तिचा शब्द मोडायचा नाही म्हणून लगेच निघाला. बस वळणापलीकडे गेली असेल नसेल, तोवर काकी संपली.