ओळखीची दोन माणसं

लेकीचं पहिलं बाळंतपण आईने करायचं, असं आमच्याकडे आहे. माझी एकुलती मुलगी मस्कतला असते, जावई तिथे हॉटेलात कामाला आहे. सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी तिला विमानात बसू नको म्हणून सांगितलं. म्हणजे मीच जायला हवं होतं, आणि माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. नागरिकत्वाचा दाखलाच मुळी नुकता हातात आला होता.

मी जन्माने नेपाळातली. बाबा रत्नागिरीला आंब्याच्या बागेत राखणीला आले तेव्हा मी चार वर्षांची होते. इथेच चौथीपर्यंत शाळेत गेले, मग बागेत कामाला लागले आणि पुढे इथल्याच मुलाशी लग्न झालं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. त्या दिवसापासून वाडीत मी त्या नावाची झाले. जुनं नाव फक्त बाबांच्या तोंडी राहिलं आणि ते गेल्यावर कोणी घेतलं नाही. पण बाबांच्या कागदांवर जुनंच नाव होतं, म्हणून कचेरीतल्या साहेबांनी नागरिकत्वासाठी तेच ठेवायला लावलं. शपथ घेताना ते नाव मी मोठ्याने घेतलं तेव्हा दुसऱ्याच कोणाची तरी हजेरी लावल्यासारखं वाटलं.

पासपोर्टचा अर्ज एसटी स्टँडजवळच्या दुकानात भरला. तिथली मुलगी कॉम्प्युटरवर भराभर लिहीत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, तुम्हाला ओळखणारी दोन माणसं सांगा. नाव, पत्ता, मोबाईल. घरातली नकोत."

मला सुचेना. नवरा जाऊन सात वर्षं झाली. मी मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात जाते. तिथे बायका गोल बसून डबा खातात, मी जरा बाजूला बसते. कोणी वाईट नाही, मलाच बोलायला जमत नाही.

"मावशी, दोनच माणसं सांगायचीत. वरात नाही काढायची तुमची," ती हसून म्हणाली. मागे रांग होती.

मी शेजारच्या जावेचं नाव दिलं. ती नात्याने चुलत, वाडीत आम्ही सगळे एकाच आडनावाचे. दुसरं नाव ज्यांच्या बागेत बाबा होते त्या बागायतदारांचं दिलं. दोघांनाही आधी विचारलं नाही. विचारायला गेलं की का, कशाला, हे सगळं सांगावं लागणार, आणि नागरिकत्वाचं मी वाडीत कोणाला बोलले नव्हते.

पोस्टातल्या केंद्रात बोटांचे ठसे घेतले. काजूच्या चिकाने माझी बोटं गुळगुळीत झालीत, मशीन घेईना. तिथल्या बाईंनी ओल्या फडक्याने बोटं पुसून तीनदा घेतले.

पंधरा दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. हवालदार वयस्कर होते.

"बाई, त्या वाडीत किती वर्षं राहता?"

"तीस होतील."

"मग तुमच्या शेजारणीला फोन केला तर ती म्हणते, ह्या नावाचं हितं कोण नाय, आणि फोन ठेवलान. बागायतदार म्हणतात, राखणदाराला एक मुलगी होती खरी, नाव काय आठवत नाय. मी वर काय लिहू?"

त्यांनीच मग सांगितलं, शेजारणीला घेऊन या, समोर सांगू दे. त्याला किती दिवस लागतील हे विचारायचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी जावेच्या पडवीत गेले. ती आमसुलं निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच तिला माझं जुनं नाव सांगितलं. तिला कळेना, म्हणून परत सांगितलं आणि फोनचंही सांगितलं.

ती हातातलं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तो फोन तुजा होता? मला वाटलं, ते बँकेतले पैसे काढून घेतात ना, त्यांचा. मी शिवी नाय दिली हेच नशीब."

"दिली नाहीस, तेवढं बरं झालं वयनी."

"तीस वर्सं एका विहिरीवर पाणी भरतो गो. तुजं नाव मी पोलिसाकडून ऐकायचं?" तिने आमसुलांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "आणि मी तरी कदी विचारलंय म्हणा."

दुसऱ्या दिवशी लग्नाकार्यातलं लुगडं नेसून ती माझ्याबरोबर आली. ठाण्यात हवालदारांना म्हणाली, "ही आमचीच. नाव काय पण लिवा, बाई हीच." त्यांनी तिची सही घेतली. येताना एसटीत तिने माझं नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "तोंडात बसत नाय गो," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मलाही ते नाव ऐकून ओ द्यायचं सुचलं नव्हतं.

कागद परत वर जायला वेळ लागला. मुलगी रोज फोन करायची, "आई, आलं का?" मी म्हणायचे, येईल. मग एक दिवस तिने विचारलं नाही. जावयाने सांगितलं, आता थांबता येत नाही, आईला बोलावून घेतो. विहीणबाई चिपळूणच्या, त्यांच्याकडे पासपोर्ट होता. त्या आठ दिवसांत गेल्या.

माझं पाकीट पोस्टमनने आणून दिलं तेव्हा बाळ बारा दिवसांचं झालं होतं. मी लगेच मुलीला फोन लावला.

"आलं ना? बरं झालं," ती म्हणाली. "पण आता घाई नको करूस आई. इथे एकच खोली आहे. थंडीत ये, तोवर बाळही मोठं होईल."

मी बरं म्हटलं. मागे बाळ रडत होतं. बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला, त्याला न्हाऊ घालायची तयारी चालली होती.

"पाणी फार कडत नाही ना?" मी विचारलं.

"नाही गं. सासूबाई बघतायत," ती म्हणाली.