अंगरख्यावरचा शेरा

दिगंबर मास्तर गेल्याची बातमी मला पंचायत समितीच्या कचेरीत कळली. टपाल घेऊन आलेला शिपाई टेबलावर पाकिटं ठेवता ठेवता म्हणाला, "भाऊ, तुमच्या देऊळघाटचे ड्रॉइंग मास्तर गेले म्हणते." मी "हो का" म्हणालो आणि हातातलं टिपण पूर्ण केलं. खोटं कशाला लिहू, मला वाईट वाटलं नाही. माझ्या वडिलांची माफी न मागताच हा माणूस सुटला, एवढंच मनात आलं. पुढच्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. पाच जण बोलले. इतिहासाचे डोळस उपासक, तडजोड हा शब्द ज्यांच्या कोशात नव्हता असे, वगैरे. मग वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं, की तुम्ही त्यांचे आवडते विद्यार्थी, त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहा. दोन शब्द माझ्यापाशी तयार होते, पण ते छापता येण्यासारखे नव्हते. म्हणून हे जरा लांबवून लिहितो आहे.

मास्तरांचा जन्म देऊळघाटचा, पण बोलायचे पुस्तकातलं. आम्ही "मले" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव गावच्या नाटक मंडळात. दरवर्षी जत्रेला ऐतिहासिक नाटक व्हायचं. ते लिहायचे मास्तर, बसवायचे मास्तर, आणि कपडेपट तर फक्त त्यांचाच. त्यांच्या घरी एक मोठी पत्र्याची ट्रंक होती. त्यात प्रत्येक कपड्याला टाचलेली पांढऱ्या कापडाची चिंधी असायची. तिच्यावर काळ्या शाईत काळ, कापड, शिलाई, आणि खाली लाल शाईत शेरा. आमच्या चित्रांच्या वह्यांवर द्यायचे तसाच. शेरे दोनच होते, शुद्ध आणि अशुद्ध. अंगरख्याला गुंडी दिसली की अशुद्ध, तिथं बंदच हवेत. गिरणीचं कापड अशुद्ध. विलायती रंगाचा फेटा अशुद्ध. हे सगळं त्यांना खरोखर ठाऊक होतं, हेही कबूल करतो. मंडळात घड्याळ माझ्याकडे आणि आणखी एका नटाकडेच होतं, पण प्रयोगाच्या महिनाभर आधी मास्तरांनी दोन्ही काढायला लावली. का, तर मनगटावरचा पांढरा पट्टा उन्हानं रापला पाहिजे. मी महिनाभर कचेरीत इतरांना वेळ विचारत फिरलो आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. असा होतो मी.

पण त्यांची ही शुद्धता ज्याच्या त्याच्या अंगावर यायची. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी शिवजयंतीला मोठी मिरवणूक निघाली. चाळीसेक जण मावळ्यांच्या वेषात. चौकात मास्तरांनी मिरवणूक थांबवली, कारण भिका माळ्याच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. भिका म्हणाला, "मास्तर, पायाले भेग पडली हाये, चालवत नाई." मास्तर म्हणाले, "मावळ्यांना भेगा पडत नव्हत्या काय?" भिका तापल्या डांबरावरून वेशीपर्यंत अनवाणी चालला. पुढे आठ दिवस त्याला वांग्याच्या मळ्यात पाय टेकवता आला नाही. आम्ही हसलो होतो. मास्तरांनी कुणाला झापलं की हसायचं, अशी आम्हाला सवयच लागली होती.

माझे वडील सखाराम, गावचे शिंपी. बाजाराच्या रस्त्यावर आमचं एका फळीचं दुकान, त्यात पायमशीन. शाळेच्या पोरांच्या चड्ड्या, लग्नातले सदरे, बायकांच्या चोळ्या, असं काम. मी या धंद्यात पडू नये म्हणून त्यांनी मला सुईला हात लावू दिला नाही, आणि मी कारकून झालो याचं त्यांना फार कौतुक होतं. त्या वर्षीच्या नाटकात किल्लेदाराचं काम मला मिळालं. मास्तर आमच्या दुकानात आले, हातमागाचं जाडं कापड फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "सखाराम, किल्लेदाराचा अंगरखा शिवायचा आहे. त्या काळी मशीन नव्हती. एक टाका जरी मशीनचा दिसला तरी मी तो अंगरखा रंगमंचावर जाऊ देणार नाही." बाबा म्हणाले, "पोरगं घालणार हाये मास्तर. हातानंच शिवतो." दीड महिना ते काम चाललं होतं. मी सकाळी सायकलनं बुलढाण्याला जायचो, दिवेलागणीला परत यायचो. दिवसा ते काय करत होते, मी पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच, की संध्याकाळी ते डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून ओट्यावर बसलेले असायचे, आणि दुकानात शाळेच्या कपड्यांचा ढीग तुंबलेला असायचा.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी देवळाच्या सभामंडपात रंगीत तालीम होती. सगळं मंडळ हजर. बाबा अंगरखा घडी घालून घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझे बंद बांधले. इतका बेतात बसलेला कपडा मी त्यानंतर कधी अंगात घातला नाही. मास्तर जवळ आले. मला हात वर करायला सांगितले. काखेपासून कमरेपर्यंतच्या शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला, वाकून पाहिलं, पुन्हा अंगठा फिरवला...

"मशीन मारलीस सखाराम."

"नाई मास्तर. हाताची हाये."

"मला शिकवू नकोस. हाताला इतकी एकसारखी टीप येत नसते."

मास्तरांच्या खिशात पेन्सिलींना टोक करायचं ब्लेड नेहमी असायचं. ते त्यांनी काढलं. बाबा "थांबा मास्तर" म्हणाले, एकदाच. मास्तरांनी ब्लेड शिवणीत घातलं आणि वरून खालपर्यंत ओढलं. शिवण गेली, तिच्याबरोबर वीतभर कापडही गेलं. नुसतं आतलं अस्तर धरून राहिलं. मी हात वर करून उभा होतो. चोराची झडती घेताना उभं करतात तसा, आणि सगळ्यांच्या लेखी चोर मात्र समोर उभे असलेले बाबा होते. कोणीतरी हसलं. मास्तर मंडळाला म्हणाले, "इतिहासाशी खोटेपणा केलेला मला चालत नाही." मग माझ्यासाठी त्यांनी तालमीला आणलेल्या ट्रंकेतून एक जुना, ढगळ अंगरखा काढला आणि चिरलेला तिच्यात टाकला. त्या जुन्याच्या दोन्ही बाजू मशीनच्याच होत्या. मला म्हणाले, "वरून शेला घे, दिसणार नाही."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि त्यावर विचारसुद्धा केला नाही. घरी जाताना मी सायकल हातात धरून बाबांच्या शेजारून चाललो होतो. बरंच अंतर गेल्यावर विचारलं, "बाबा, खरं सांगा. वेळ कमी पडला असन. बाजूची शिवण मशीनवर मारली का?"

बाबा थांबले नाहीत. म्हणाले, "तुले काय वाटते?"

मी काही बोललो नाही. घर येईपर्यंत बोललो नाही.

प्रयोग झाला. शेला घेऊन मी किल्ला लढवला, टाळ्या मिळवल्या. बाबा प्रयोगाला आले नाहीत. घरी माय एकदा मला म्हणाली, "तुह्या बापानं हातानंच शिवला रे. म्या डोळ्यानं पाह्यला." मला वाटलं, नवऱ्याची बाजू बायको घेणारच. बाबांनी पुढे हातशिलाईचं काम घेणं बंद केलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान दुकानाच्या कोनाड्यात ठेवून दिलं. कोणी हातानं तुरपाई करून मागितली तर म्हणायचे, "आता दिसत नाई मले." खरंच दिसत नव्हतं की काय, मी विचारलं नाही. आमचं बोलणं पुढेही होत राहिलं. पावसाचं, बाजाराचं, माझ्या बदलीचं. फक्त मधे काहीतरी असायचं, आणि ते काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग सिनेमा आला. जिल्ह्यातल्या एका जुन्या गढीवर कुठल्याशा कंपनीनं ऐतिहासिक चित्रपटाचं शूटिंग लावलं आणि कपड्यांचा सल्लागार म्हणून मास्तरांना नेलं. पंधरा दिवस त्यांना न्यायला मोटार येत होती. गावाला वाटलं, आता मास्तर त्या मुंबईवाल्यांना सरळ करतील. वर्षभरानं तो चित्रपट तंबूतल्या टॉकीजमध्ये लागला. मंडळाचे आम्ही सगळे गेलो, मास्तर मधल्या रांगेत बसले. सुरुवातीला त्यांचं नाव पडद्यावर आलं आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्यानंतर दोन तास मी काय पाहिलं म्हणून सांगू... सरदारांचे अंगरखे टेरिलीनचे, असे चकाकणारे की दिव्यांची गरज नव्हती. राणीचं लुगडं नायलॉनचं. सेनापतीच्या अंगरख्याला मानेमागे झिपची चेन. आणि घोड्यावरून तलवार उपसणाऱ्या एका मावळ्याच्या मनगटावर चक्क घड्याळ, पायात बूट. भिका माळी माझ्या शेजारी बसला होता. तो माझ्या कानात म्हणाला, "याचे बूट काऊन नाई काढले बे मास्तरानं?" बाहेर आल्यावर मी मास्तरांना घड्याळाचं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मोठ्या कामात तडजोड करावी लागते. तुला समजायचं नाही."

मला समजलं. पेन्सिलीचं ब्लेड कुणासमोर काढायचं आणि कुणासमोर खिशात ठेवायचं, हे मास्तरांना चांगलं कळत होतं. त्या दिवसापासून मी त्यांना नमस्कार करणं सोडलं. पण नीट पाहा, मी रागावलो ते त्यांच्या दुटप्पीपणावर. बाबांनी मशीन मारली असेलच, पण म्हणून काय झालं, असा माझा हिशेब होता. बाबा खोटं बोलले हे मी अजूनही धरूनच होतो.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. मास्तर भेटायला आले. पाव तास बसले, चहा घेतला. कोपऱ्यातल्या मशीनकडे बघून म्हणाले, "चांगला कारागीर होता." माय आत होती, मी समोर होतो, दुसरं कोणी नव्हतं. त्या पाव तासात त्यांना पाहिजे ते बोलता आलं असतं... टोपी घातली आणि निघून गेले.

हे सगळं मी कदाचित लिहिलंही नसतं. शोकसभेत गप्प बसून घरी आलो होतो. पण तेराव्यानंतर मास्तरांच्या पत्नीनं, आम्ही त्यांना काकू म्हणतो, निरोप पाठवला की येऊन जा. गेलो. खोलीत ती पत्र्याची ट्रंक उघडून ठेवलेली होती. काकूंनी तळातून एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली. माझा अंगरखा. काखेपासून कमरेपर्यंत तसाच चिरलेला, आणि त्या बाजूचं अस्तर उसवून उलटं केलेलं. मी शिंप्याचा मुलगा असून मला त्यातलं काही कळेना. काकूंनीच बोट ठेवून दाखवलं. शिवण संपते तिथं, ब्लेड पोचलं नव्हतं तिथं, चार बोटं टीप शाबूत होती. सुलट बाजूनं ती मशीनची वाटावी इतकी सारखी. उलट बाजूला मात्र प्रत्येक टाका आधीच्या टाक्यावर अर्धा चढलेला. सुई मागे घेऊन पुढे काढली की तसं होतं. मशीनचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा पडतो, तो असा चढत नाही.

काकू म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आल्या आल्या यायनं अस्तर उसवलं. लई वेळ पाहत बसले. मंग म्हणाले, हाताची आहे. मी म्हटलं, मंग जाऊन सांगा सखारामभाऊले. त म्हणाले, उद्या प्रयोग आहे, पोरांसमोर माझ्या शब्दाला काय किंमत राहील."

"आणि प्रयोग झाल्यावर?" मी विचारलं.

"मंग ते राहूनच गेलं भाऊ."

राहून गेलं. लग्नाचं आमंत्रण राहून जावं तसं. दहा वर्षं हा माणूस आमच्या दुकानावरून रोज शाळेत गेला आणि रोज राहून गेलं. शोकसभेतल्या पाचही वक्त्यांना मी हा अंगरखा दाखवायला तयार आहे, त्यांनी येऊन डोळस उपासना पाहून घ्यावी.

अंगरखा आता आमच्या घरी, बाबांच्या मशीनवर ठेवलेला आहे. चीर मी शिवून घेतलेली नाही. मायनं एकदा कोनाड्यातलं अंगुस्तान आणून त्यावर ठेवलं, तेही तिथंच आहे. गळ्याला मास्तरांची चिंधी टाचलेली आहे, प्रयोगाच्या आदल्या दिवसाची तारीख घातलेली. काळ लिहिला आहे, कापड लिहिलं आहे. शिलाई, हाताची. आणि खाली शेरा, शुद्ध. मास्तरांवरचा माझा राग काही जाणार नाही, तो जावा असं मला वाटतही नाही. पण त्यांनी निदान अस्तर उसवून पाहिलं होतं. मी तेवढंही केलं नाही. तुले काय वाटते, असं बाबांनी मला विचारलं होतं. त्याचं उत्तर त्या चिंधीवर लाल शाईत लिहिलेलं आहे, आणि अक्षर माझं नाही.