साडूंनी निवडलेली सात तोंडं

बेकरीत शिरल्याशिरल्या मी एक बेडूक हाताने उचलला. काउंटरमागची जपानी मुलगी "ओ नो" असं इतक्या हळू म्हणाली, की ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिथे ट्रे आणि चिमटा घ्यायचा असतो आणि हवा तो पाव चिमट्याने ट्रेत ठेवायचा असतो, अशी पाटी दारातच होती. पाटी न वाचता आत शिरायचं हा माझा पन्नास वर्षांचा शिरस्ता. हात लावलेला बेडूक अर्थात मलाच घ्यावा लागला. पुढचा पाऊण तास मी डब्लिनच्या भर वस्तीत कागदी पिशवीत हिरवा बेडूक धरून उभा होतो, आणि तरीही त्या दुकानातला सगळ्यात विचित्र माणूस मी नव्हतो. तो मान माझ्या साडूंचा होता.

माझ्या साडूंबरोबर एकदा खरेदीला गेलेला माणूस पुन्हा म्हणून जात नाही. मी सोळा वर्षं जातोय, कारण आमच्या बायका बहिणी आहेत. साडू मूळचे नागपूरचे, पेशाने सॉफ्टवेअरवाले, डोक्याने चांगले हुशार. फक्त त्यांना प्रत्येक वस्तूला तोंड दिसतं. गेल्या उन्हाळ्यात पोर्टलीश गावाहून डब्लिनच्या आमच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात राहायला यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी अकरा घरं नाकारली. इथे भाड्याचं घर नुसतं बघायला मिळालं तरी लोक पेढे वाटतात. आणि हे गृहस्थ रस्त्यावर उभे राहून म्हणायचे, "दोन खिडक्या म्हणजे डोळे, दार म्हणजे तोंड. हे घर रुसलंय न जी. यात राहायचं काहून?" गाडी घेतली तीही 'गरीब स्वभावाची' बघून, चढावर तिचा स्वभाव इतका गरीब होतो की मागून हॉर्न वाजायला लागतात. एकदा भर पावसात त्यांनी बस सोडून दिली होती. ड्रायव्हर घरी भांडून आलाय, असं त्यांचं म्हणणं. पुढची बस पंचवीस मिनिटांनी आली. तिचा ड्रायव्हर हसरा होता खरा, पण मला त्यानंतर आठवडाभर ताप होता.

अशा माणसाला, जिथे पावांना मुद्दाम डोळे, नाक आणि तोंड काढतात, त्या बेकरीत कोणी पाठवू नये. पण प्रसंगच तसा होता. साडूंच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, नववा वाढदिवस, आणि नव्या शाळेतला पहिलाच. वर्गातल्या सहा जणींना तिने घरी बोलावलं होतं आणि प्रत्येकीला प्राण्याच्या तोंडाचा पाव मिळेल असं कबूल करून बसली होती. पोरी तीन वाजता येणार होत्या. आम्ही निघताना ती दारात येऊन बापाला बजावत होती, "बाबा, जस्ट गेट एनी सेव्हन. दे'र ऑल ग्रँड." इथे 'ग्रँड' म्हणजे 'चालेल'. बापाने मान डोलावली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

साडूंनी ट्रे घेतला, चिमटा घेतला आणि अस्वलांसमोर उभे राहिले. बाजारात वांगी निवडावीत तसं चाललं होतं. "हा पाहा, किती आखडू आहे." खाली ठेवला. "याची नजर बरी नाही." खाली ठेवला. ससा 'बावळा', पेंग्विन 'ऑफिसातल्या मॅनेजरसारखा'. मागे रांग लागली. मी म्हटलं, "अहो, पाव आहे तो! आत कस्टर्ड आहे, स्वभाव नाही!"

"थांबा न जी. वाढदिवसाला कोणाला कोणतंही तोंड देता येते का, बाप्पा?"

मागच्या आजीबाई मात्र "यू आर ग्रँड, टेक युअर टाइम" म्हणत म्हणत चार अस्वलं घेऊन गेल्या. एका बापाने ससे नेले. पावणेदोन वाजले तेव्हा साडूंच्या ट्रेत काही नव्हतं आणि फडताळावरही काही नव्हतं. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाची खिडकीत उभी राहून वाट बघणार, हे एवढंच मला दिसत होतं.

साडू शांतपणे काउंटरशी गेले. नवा घाणा कधी, तर तीन वाजता. मग आत काहीच नाही का? ती मुलगी संकोचून म्हणाली, आहेत, पण भट्टीत तोंडं बिघडलीत, ते आम्ही विकायला ठेवत नाही. साडूंचा चेहरा उजळला. "दाखवा."

तो ट्रे म्हणजे अपघात विभाग होता. एकाचा कान खांद्यावर, एकाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. साडूंनी दोन मिनिटांत सात उचलले. दोन मिनिटांत! पुटपुटत होते, "हा क्लोडाचा. तिचा पुढचा दात पडलाय. हा तिरपा पाहणारा नीवचा, ती चष्म्यावरून तशीच पाहते. आणि हा तोंडच नसलेला त्या पोलिश पोरीचा. ती बोलतच नाही कोणाशी."

"तुम्हाला सगळ्या पोरी माहीत आहेत?" मी विचारलं.

"रोज शाळा सुटताना फाटकावर उभा असतो न. आपली पोर कोणाशी बोलते ते पाहतो."

"कोणाशी बोलते?"

"अजून तर माझ्याशीच," साडू म्हणाले आणि चिमटा जागेवर ठेवला.

येताना मी घड्याळाकडे बघत गाडी चालवली.

तीन वाजले, सव्वातीन झाले. भाची खिडकीतून हलेना. साडू स्वयंपाकघरात पाव ताटात मांडत होते, पुन्हा मांडत होते. साडेतीनला बेल वाजली. सहांपैकी चौघीच आल्या. पण त्या चौघींनी आपापलं तोंड न सांगता ओळखलं आणि घर डोक्यावर घेतलं. क्लोडा आपला पाव गालाशी धरून प्रत्येकीला दात दाखवत फिरत होती. पोलिश मुलीने आपल्या पावाचे फक्त कान खाल्ले, उरलेला रुमालात गुंडाळला आणि भाचीच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. भाची खो खो हसली.

"बोलली," साडू माझ्या दंडाला धरून म्हणाले. "दोघीही बोलल्या जी."

परत निघालो तेव्हा गाडीत मी बायकोपुढे माझी कैफियत मांडली. पाऊण तास, रांग, चिमटा, माझा वाढलेला रक्तदाब. आमचा लेक आता कॉर्कला कॉलेजात असतो, त्यामुळे मागची सीट मोकळीच होती. बायकोने सगळं ऐकून घेतलं. सिग्नलला गाडी थांबली तशी म्हणाली, "आपल्या लेकाच्या शाळेतल्या चार मित्रांची नावं सांगा बघू."

मी आरसा नीट केला. सिग्नल हिरवा झाला.

"बरं," ती म्हणाली, "दोन सांगा."