ओली राख

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर गिचमीड आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर त्याने तेवढं सांभाळून घ्यावं. नळीवाल्या मिस्त्रींबद्दल लिहिणारं दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिते.

मिस्त्री कुठेही चहाला बसले की भरलेली बशी आधी जमिनीवर ठेवत आणि चहा कोणत्या काठाला येतो ते बघत. मगच पीत. "चहा हिंगणीकडे पळून राह्यला," म्हणाले की समजायचं, जमिनीला तिकडे उतार आहे. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी सदा त्यांच्या खांद्यावर सापासारखी गुंडाळलेली असे. लेव्हल ते तिनेच बघत.

बोर धरणाच्या बाजूला एका साहेबांच्या फार्महाऊसवर मी स्वयंपाक करते. साहेब नागपूरला राहतात, सुट्टीत पाहुणे घेऊन येतात. एकदा त्यांनी मांस भाजायची भट्टी आणली. जाड चिनी मातीची, मोठ्या अंड्यासारखी, हिरवी. उतरवायला सहा माणसं लागली. मागचं अंगण नाल्याकडे उतरतं, आणि सगळी काळी माती. साहेब म्हणाले, चार विटा लावा आणि ठेवून द्या, शनिवारी पाहुणे आहेत.

मिस्त्रींनी मातीचं ढेकूळ हातात चुरलं. "साहेब, हे काळी माती हाय. पावसात फुगते, उन्हात फाटते. मानपान नाई केला तं व्याह्यावानी रुसते."

"मग किती दिवस लागतील?"

"मुरूम लागेवर खोदतो, मंग सांगतो."

कमरेएवढं खोदल्यावर मुरूम लागला. मग गिट्टी, मग विटांचा ओटा, मग आठ दिवस त्यावर पाणी. साहेबांचा शनिवार गेला. ते फोनवर ओरडले तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भट्टी तुमची हाय साहेब, पण ओटा माहा हाय."

नळीचं दुसरं टोक धरायला मी होते. परक्या माणसासमोर माझी मान वर होत नाही. ते म्हणत, "बाई, माह्याकडं नको पाहू, पाण्याकडं पाय. पाणी खोटं बोलत नाई." भट्टीसोबत एक कागद आला होता, तोही त्यांनी मला वाचायला दिला. सगळं इंग्रजी. मी चौथी, ते अंगठेबहाद्दर. "आपल्या दोघांची शाळा मिळून एक ओळ बी नाई निघाली," म्हणून ते एवढे हसले की मीसुद्धा पदराआड हसले.

पुढे पाहुणे आले, जेवले, रविवारी दुपारी परत गेले. भट्टीत चांगले लाल निखारे होते. आमच्याकडे असा कोळसा कोणी राख होऊ देत नाही. पाणी मारून विझवतात, वाळवतात, पुन्हा वापरतात. मी लोटाभर पाणी ओतलं. आत टच्चकन वाजलं. मी कोळसा माझ्या शेगडीसाठी पिशवीत भरला आणि झाकण लावून घरी गेले.

पुढच्या रविवारी साहेबांना भट्टीला वरपासून खालपर्यंत तडा दिसला. ओटा बसला, वजन एका अंगाला गेलं, असं म्हणत त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी नळी लावली. दोन्हीकडे पाणी सारखं. मग त्यांनी भट्टीचं खालचं दार उघडून राख काढली. ती भिजून घट्ट झाली होती, तिची ढेपच हातात आली. मी भांडी घेऊन तिथेच उभी होते. त्यांनी राखेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. आता माझं काम गेलं, असं मला वाटलं.

त्यांनी हात झटकले. "माहाच ओटा कुठं तरी चुकला असन साहेब."

त्यांची मजुरी द्यायची बाकी होती. साहेबांनी तीतून चार हजार कापले. जाताना मिस्त्री माझ्याजवळ थांबले. "बाई, तपल्या मडक्यावर थंडं पाणी टाकत नसते," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता.

त्यानंतर आसपासच्या फार्महाऊसवाल्यांनी त्यांना कामाला बोलावलं नाही. ज्याच्या ओट्यावर भट्टी तडकली तो मिस्त्री, असं नाव झालं. साहेबांना सांगायचं मी रोज ठरवत होते. चहा घेऊन जायची, कप ठेवायची आणि परत यायची. अजूनही सांगितलेलं नाही. दुसऱ्या वर्षी मिस्त्री छातीच्या दुखण्याने गेले. ओटा तसाच आहे. मी त्यावर बशी ठेवून बघितली, चहा कुठल्याच काठाला गेला नाही.

त्यांची बायको केळझरला राहते. पगारातून वाचतील तसे मी तिला पाचशे पाचशे नेऊन देऊ लागले. "मिस्त्रींचे राहिले होते," एवढंच म्हणायची. ती समजे, साहेबच पाठवतात. "देवमाणूस हाय तुमचा साहेब," म्हणत ती चहा ठेवायची, आणि मी तो पीत होते. सात वेळा प्यायले.

आठव्या वेळी पाचशे हातात घेऊन ती चूल पेटवायला उठली तेव्हा मी म्हणाले, "पैसे साहेबांचे नाहीत. भट्टीत पाणी मी टाकलं होतं. मिस्त्रींना माहीत होतं."

तिने काढलेली काडी परत पेटीत ठेवली. मग खाली बसली. नोटा दोनदा मोजल्या.

"चार हजार पुरे झाले, बाई," म्हणाली. चूल तिने पेटवली नाही.