पाठीची वाट आणि पोटाची वाट

डॉ. एकोजीराव माने यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, मी प्रथम पाहिलं ते भांडताना. बंगळूरच्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. विभागाच्या बैठकीत अण्णा तावातावानं बोलत होते, आणि नवल म्हणजे स्वतःच्याच मताविरुद्ध! त्यांचा दंडकच तसा. कमरेचे मणके जोडायला पाठीकडून जायचं की पोटाकडून, हा प्रश्न आला की ज्याला जी वाट पसंत, त्यानं दुसरीची वकिली करायची. "आपल्या लेकराचं कौतुक कोणीही करतं, शेजारच्याचं करून दाखवा," असं ते म्हणायचे.

अण्णा स्वतः पक्के पाठवाले. ती वाट सरावाची, मोठ्या रक्तवाहिन्यांपासून दूर. पोटाकडून जायचं तर त्या रक्तवाहिन्यांच्या अगदी शेजारी हात घालावा लागतो. मात्र जिथं शरीराचा भार पडतो, तिथंच हाडाचा तुकडा बसवता येतो. मी पोटवाली.

एके दिवशी नंजप्पा आले. रेशमाचे विणकर, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणारे. दुसऱ्या गावी त्यांच्या पाठीवर दोनदा शस्त्रक्रिया झालेली, पण मणके जुळलेच नव्हते. घटकाभर बसणंही अशक्य. त्यांच्या पत्नी कानडीत म्हणाल्या, "स्वामी, हे मागावर बसले नाहीत तर आमची चूल विझली."

बैठकीत मी दंडकाप्रमाणे पाठीच्या बाजूनं जीव तोडून भांडले. अण्णा एकेक मुद्दा खोडत गेले आणि मधेच थांबून मला म्हणाले, "अक्का, पाठीवर आता नुसते व्रण उरलेत. तिसऱ्यांदा तिथं काय जुळणार, कप्पाळ? मीच मला हरवलं की हो! सरी, ठीक आहे, पोटाकडून जाऊ."

एका ज्येष्ठ सर्जननी बजावलं, "माने, माणूस टेबलावर गेला तर नाव धुळीला मिळेल." अण्णा म्हणाले, "नाव माझं आहे, कंबर त्यांची आहे." एवढ्यावर थांबले नाहीत. पोटाची वाट ज्यांच्या हातची, त्या वयानं लहान सहकाऱ्यांना त्यांनी पुढं उभं केलं. मणके समोर दिसेपर्यंत, स्वतः विभागप्रमुख असूनही, अण्णा मुकाट्यानं त्यांचे मदतनीस झाले. असा मोठेपणा मी दुसरीकडे पाहिला नाही. मग कमरेच्या बाजूचं हाड काढून अण्णांनी मणक्यांच्या मधल्या जागेत असं चपखल बसवलं, की मला टाळी वाजवावीशी वाटली!

पुढचे कित्येक महिने नंजप्पा प्लास्टरच्या कवचात होते. तेवढ्या काळात अण्णा त्यांच्या घरी जाऊन, सुतार लावून, मागाची बैठक स्वल्प उंच करवून आले.

प्लास्टर निघालं. क्ष-किरण चित्रात हाड एकजीव झालेलं! नंजप्पा आपल्या पायांनी चालत आले आणि अण्णांच्या पायाशी वाकू लागले. "अहो, जपून!" आम्ही सगळे ओरडलो. एरवी अण्णा कोणाला पायांना हात लावू देत नाहीत. त्या दिवशी मात्र खांबासारखे उभे राहिले आणि आमच्यावरच खेकसले, "वाकू द्या त्यांना! त्यासाठीच तर केलंय सगळं!"

नंजप्पा कमरेतून सावकाश वाकले, पायांना हात लावला आणि कण्हल्याशिवाय ताठ उभे राहिले. म्हणाले, "शंभर वर्षं जगा, स्वामी. उद्या माग लावतोय."

अण्णा, त्या शंभरातली आज साठ झाली. उरलेलीही अशीच दणक्यात आणि धडधाकट होऊ द्यात.