द्वारकाबाई आणि घामाचं वजन

द्वारकाबाई भोयर आमच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर होत्या. झाडू, फरशी, चहा, धुणं, पडेल ते काम. मी तिथेच लिपिक होतो, म्हणजे मला हुद्दा होता आणि काम बेताचं. प्रयोगशाळा लष्कराची. कडक उन्हात, बर्फात जवानाचं शरीर कितपत साथ देतं, हे तिथे मोजत. शेजारपाजारच्यांना वाटे, आत बॉम्ब बनतात. आत होती पंचेचाळीस अंशांवर तापवलेली एक बंद खोली, आणि तिच्यात पाठीवर वीस किलो घेऊन सरकत्या पट्ट्यावर चालणारे जवान.

बाई मूळच्या विदर्भातल्या, आर्वीकडच्या. नवरा खडकीच्या कारखान्यात लागला म्हणून पुण्यात आल्या, येरवड्यात राहिल्या; नवरा गेला तरी परत गेल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यातला ‘जी’ सुटला नाही. आमचे टोमणे त्यांना कळत असावेत, पण त्या उत्तर देत नसत, त्यामुळे टोमणे मारणाऱ्याचाच विरस होई.

शहाण्णव साली कपडे तोलणारा सहायक निवृत्त झाला. भरती बंद होती, म्हणून त्याचं काम द्वारकाबाईंकडे आलं. जवान तापत्या खोलीतून बाहेर आला की आधी त्याचं वजन व्हायचं, मग त्याने उतरवलेल्या कपड्यांचं. आत जाण्याआधीच्या वजनांशी ताडून पाहिलं की अंगातून घाम किती गेला आणि त्यातला कपड्यात किती अडकला, हे कळे. उरलेला हवेत उडून गेला असं धरायचं. घाम उडाला तर अंग गार होतं, कपड्यात अडकला तर माणूस आत शिजतो. एवढंच शास्त्र, पण तेही आमच्या प्रमुख विजयमाला मॅडमना मला तीनदा समजावावं लागलं होतं. द्वारकाबाईंना कुणी एकदाही समजावलं नाही. कपडे पिशवीत घाला, काट्यावर ठेवा, आकडा लिहा, एवढंच सांगितलं. बाई चौथी शिकलेल्या, आकडे सुबक काढत.

नव्या आर्थिक धोरणानंतर खासगी गिरण्यांची कापडंही चाचणीला येऊ लागली होती. त्या उन्हाळ्यात एक कृत्रिम धाग्याचं आलं, हलकं आणि चकचकीत. महिनाभर ते आणि जुना सुती गणवेश आलटून पालटून जवानांना घालून झालं. मॅडमच्या नव्या संगणकाने आलेख काढला, तर नव्या कापडाने सुतीला कुठच्या कुठे मागे टाकलेलं. जयसिंग नावाचा साताऱ्याकडचा जवान मात्र नवं कापड घालून बाहेर आला तो भिंतीला टेकून खालीच बसला. “मावशी, पोत्यात कोंबल्यागत झालंय बघा,” असं तो द्वारकाबाईंना म्हणाला. नाडीचे आकडेही चढे होते. पोरं नवी आहेत, उन्हाला सरावलेली नाहीत, असा खुलासा होऊन तो विषय मिटला.

शेवटच्या बैठकीला वरचे अधिकारी आले. मॅडम पडद्यावरचा आलेख दाखवून म्हणाल्या, “कपड्यात घाम जवळजवळ राहतच नाही.” द्वारकाबाई चहा देत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या. माझा कप माझ्यापर्यंत आलाच नाही.

बैठक संपल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“साहेब, थ्या नव्या कपड्यातून पानी गळे जी. फरशीभर थेंब. मी मोरीत पिळून घेत होती, मंग पिशवीत टाकत होती.”

“सगळेच कपडे?”

“नवेच. सुती कोठी गळते? थो पिऊन घेते ना.”

म्हणजे मोरीत गेलेला तो घाम काट्यावर आलाच नव्हता, आणि आम्ही तो उडाल्यात धरला होता. जन्मभर धुणं केलेले हात; ओला कपडा हाती आला की ते पिळणारच. आमच्या एकाही शास्त्रज्ञाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कुणी स्वतःचे कपडे धूत नव्हतं.

आणि माझ्या ट्रेमध्ये, मॅडमच्या सहीसाठी, बाईंना बारा वर्षांच्या रोजंदारीनंतर नोकरीत कायम करण्याची शिफारस पडली होती. मीच टाइप केलेली. मी म्हणालो, “बाई, दोन दिवस गप्प बसा. सही होऊ द्या, मग सांगू.”

“तवरिक कपडे शिवून होतीन जी. लोकाइच्या पोराइच्या आंगावर जातीन.” एवढं बोलून त्या सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग नवा सदरा पाण्यात बुडवून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “कसा पिळत होता, दाखवा.” बाईंनी पिळला. खाली ठेवलेलं काचेचं भांडं अर्धं भरलं. मॅडमचा चेहरा उतरला, पण अहवाल त्यांनी त्याच दिवशी स्वतः मागे घेतला. चाचणी पुन्हा झाली. या वेळी बाई पिशवीचं तोंड उघडं धरून जवानासमोर उभ्या राहत, गळणारा थेंबही आत पडावा म्हणून. कापड नापास झालं.

महिना वाया का गेला, याचा खुलासा वरून मागवला गेला. वरच्यांनी सुचवलेले ‘अप्रशिक्षित कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ हे शब्द मी टाइप केले. मॅडमनी हरकत घेतली, तरी ते तसेच राहिले. बाईंची शिफारस नामंजूर होऊन परत आली. चूक बाईंनी स्वतः येऊन सांगितली, एवढं एक वाक्य मला त्या खुलाशात घुसडता आलं असतं. मी घुसडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे सफाईचं काम ठेकेदाराकडे गेलं आणि बाई दिसेनाशा झाल्या. निवृत्तीनंतर एकदा भाच्याकडे कागद द्यायला येरवड्यातल्या एका संगणक कंपनीत गेलो होतो. मे महिना. काचेच्या इमारतीच्या पायऱ्या पुसत, ठेकेदाराच्या निळ्या चकचकीत गणवेशात द्वारकाबाई उन्हात बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, तोंडभर हसल्या. मी तब्येत विचारली. त्यांनी आपली बाही पुढे केली आणि माझ्या बोटांत दिली. ओलीचिंब होती.

“ओयखलं काय, साहेब? असाच होता ना जी, मी फेल केलेला.”

मग खाली बसून त्यांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि पुढची पायरी पुसायला घेतली.